अण्णाच्या रानातला धूर

माझा थोरला भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा होता. आमच्या घरात अप्पा कानडी बोलायचे, अव्वा मराठी, आणि आम्ही दोघं समोर कोण आहे ते बघून बोलायचो. भावाला मात्र दोन्ही भाषांत अण्णाच. शाळा त्याला कधी मानवली नाही. दहावीचा निकाल लागायच्या आधीच त्यानं अप्पांना सांगून टाकलं, "मी रानात जातो. हिला शिकवा." पुढं मी शास्त्रज्ञ झाले आणि लोक त्याच्या त्यागाबद्दल बोलायला लागले की तो वैतागायचा. "कशाचा त्याग? मला वर्गात झोप यायची," म्हणायचा. ते खरंही होतं. रानात तो जसा जागा असायचा तसा दुसरीकडं कुठंच नसायचा. उसासाठी सरी पाडायचा ती इतकी सरळ, की रस्त्यानं जाणारे सायकल थांबवून बघायचे.

आमचं गाव बीदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्यात, सीमेवरच्या मेहकरच्या अंगाला. सातवीपर्यंत गावातली मराठी शाळा, मग भालकी, मग एम.एस्सी.साठी कलबुर्गी. तेव्हा आम्ही गुलबर्गाच म्हणायचो. पहिल्यांदा तिथं सोडायला अण्णाच आला होता. वसतिगृहाच्या दारात ट्रंक ठेवून म्हणाला, "इथं ऊन लय हाय. डोक्यावर घेत जा कायतरी." एवढंच बोलून तो परतीच्या बसला गेला.

लेझर मी पहिल्यांदा तिथंच पाहिला. अंधाऱ्या खोलीत टेबलावर एक लांबट पेटी होती आणि तिच्यातून निघालेला लाल ठिपका समोरच्या भिंतीवर पडला होता. सरांनी मला ती पेटी वळवून व्हरांड्याच्या पार टोकाच्या भिंतीवर ठिपका पाडायला सांगितलं. तो पसरेल असं मला वाटलं होतं. तो जवळजवळ तेवढाच राहिला. त्या दिवशी मी दुपारचं जेवण विसरले, आणि पुढची तीस वर्षं काय करायचं ते, मला वाटतं, तिथंच ठरलं.

उगादीला, म्हणजे पाडव्याला, गावी गेले तेव्हा अण्णानं विचारलं, "काय शिकायलीस तिथं?"

मी म्हणाले, "साधा उजेड म्हंजे बाजार सुटल्यावरची माणसं. जो तो आपल्या वाटंनं जातो. लेझरचा उजेड सगळा एका चालीनं चालतो, रांगेत."

त्याला ते फार आवडलं. माझी बहीण उजेडाला रांगेत उभं करती, असं तो भालकीच्या बसस्टँडवर, सोसायटीत, उदगीरच्या सोयऱ्यांकडं, सगळीकडं सांगायचा. मी हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत लागले, तिथं आरशांचे कोन लावण्यात आणि धूळ टिपण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, पण गावाकडं माझं काम विचारलं की उत्तर तेच. मी लग्न केलं नाही. त्याबद्दल सगळ्या सोयऱ्यांनी विचारून झालं. अण्णानं कधीच विचारलं नाही.

चाळिशी ओलांडल्यावर माझं काम बदललं. आमच्या विभागात एक नवं यंत्र उभं करायचं ठरलं. लेझरचा उजेड फार लहान लहान तुकड्यांत आकाशात सोडायचा, हवेतल्या धुळीवर, धुरावर, ढगावर आपटून त्यातला जो कणभर परत येईल तो मोजायचा, आणि यायला किती वेळ लागला त्यावरून कुठल्या उंचीला काय आहे ते सांगायचं. आधी मला ते कमी दर्जाचं काम वाटलं. मी लेझर बनवणारी बाई, धूळ मोजत कशाला बसू? पण हिवाळ्यातल्या नोंदी बघितल्या आणि मी गप्प झाले. हैदराबादच्या डोक्यावर धुराचा एक थर होता. शहराचा धूर खाली होता; हा वर होता, कुठून तरी वाहत आलेला. त्यातली काजळी ऊन शोषून घेते आणि भोवतीची हवा तापवते. वारा वायव्येकडून होता. वायव्येला आमचाच मुलूख.

तेव्हा मी वरिष्ठांना म्हणाले, यंत्र एकदा तिकडं न्यायला पाहिजे.

परवानग्यांना बराच वेळ गेला. आकाशात उजेड सोडायचा म्हटल्यावर बीदरकडच्या विमानांसाठी वेगळी परवानगी लागली. शेवटी ऊसतोडीच्या हंगामात आम्ही गाडीतून यंत्र नेलं आणि आमच्या गावच्या शाळेच्या गच्चीवर मांडलं. माझ्यासोबत प्रयोगशाळेतले दोघं होते. त्यांचं जेवणखाण, झोपणं, विजेची तार ओढून आणणं, सगळं अण्णानं अंगावर घेतलं. वैनी रोज दोन वेळा भाकरी पाठवायची. पहिल्या संध्याकाळी दिवेलागणीला यंत्र सुरू केलं आणि हिरवी रेघ सरळ वर गेली, तेव्हा अर्धं गाव शाळेच्या पटांगणात उभं होतं. अण्णा जिन्यात उभा राहून लोकांना सांगत होता, "बघा, कसा रांगेत चाललाय."

मी त्याला इतका खूश आधी पाहिला नव्हता. त्याच्या लग्नातही नाही.

चौथ्या दिवशी पडद्यावर एक जाड लाल पट्टा आला. इतका स्पष्ट, की माझे सहकारी खुर्च्या ओढून जवळ आले. मी गच्चीच्या कठड्याशी गेले. पश्चिमेला रस्त्याकडेच्या एका रानातून धूर उठत होता आणि वाऱ्यानं आमच्या डोक्यावरून चालला होता. ते रान अण्णाचं होतं. ऊस तुटून गेला होता आणि त्यानं दुपारी पाचट पेटवलं होतं, म्हणजे उसाचा वाळलेला पाला. आमच्याकडं सगळेच पेटवायचे.

तो वर आला तेव्हा मी त्याला पडद्यावर दाखवलं.

"हे काय हाय?" तो म्हणाला.

"तुझ्या रानातला धूर. हा बघ, खालून निघालाय आन इथं वर जाऊन आडवा झालाय."

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे माझं रान तुझ्या मशीनीत आलं म्हण की." आणि खाली जाऊन वैनीला घेऊन आला. "बघ, आपल्या रानाचा फोटू."

मला त्याला सांगावंच लागलं. धूर कुठं जातो, काय करतो, उन्हाळे असे का व्हायलेत, यात त्याचा किती वाटा आणि बाकीच्यांचा किती. मी म्हणाले, तुझ्या एका रानानं काही होत नाही, पण या पट्ट्यातले सगळे एकाच महिन्यात पेटवतात. त्यानं ऐकून घेतलं. वाईट वाटून घेतलं नाही.

"मग पाचटाचं काय करू?" त्यानं विचारलं. "तसंच ठिवलं तर पाणी सरीतनं पुढं जात न्हाई. उंदरं होत्यात, साप बसत्यात, बाया रानात पाय ठिवायला भित्यात. हातानं गोळा करायला माणूस मिळत न्हाई. त्याची कुट्टी करून रानातच टाकायची मशीन असती म्हणं. ती गावात आण तू. मी काडी लावणार न्हाई."

"खरंच?"

"मला काय जाळायची हौस हाय का?"

त्याचं हे बोलणं मी त्याच संध्याकाळी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं. हैदराबादला परतल्यावर त्या लाल पट्ट्याचं चित्र मोठं छापून त्याला पाठवलं. त्यानं ते घरातल्या बैठकीत कॅलेंडरच्या शेजारी लावलं.

त्यानंतर माझं मन प्रयोगशाळेत लागेना. आमचे निष्कर्ष छापून आले, परदेशातून चार पत्रं आली आणि पुढच्या हंगामात धूर तेवढाच. मी विभागाच्या बैठकीत म्हणाले, आपण हे सरकारला जाऊन सांगायला पाहिजे. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "आपलं काम मोजायचं. काय करायचं ते करणारे बघतील." ते चांगले गृहस्थ होते आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असं मला आजही म्हणवत नाही. पण दोन वर्षांनी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि भालकीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. सीमेवरच्या जिल्ह्यांसाठी हवामानाचा आराखडा करायला एक समिती नेमली होती, तिच्यावर मला घेतलं.

नवीन काम मला जमत नव्हतं. प्रयोगशाळेत एखादी गोष्ट खरी आहे हे दाखवलं की भांडण संपायचं. इथं सगळे मान डोलवायचे आणि फाइल जागची हलायची नाही. मी कानडीतून बोलायला शिकले, म्हणजे घरातली कानडी सोडून कचेरीतली. उन्हाळ्यात कलबुर्गीच्या बसेसमधून चार-चार तास प्रवास केला. शेतकऱ्यांच्या बैठका घेतल्या, साखर कारखान्यांच्या दारात बसले. शेवटी माझा अहवाल तयार झाला. त्याचे दोन भाग होते. आधी गावोगाव पाचट कुट्टीची यंत्रं आणि त्यांना चालवणारी माणसं. ती आल्यावर एका हंगामानंतर जाळण्यावर बंदी. हा क्रम मी जाड अक्षरांत छापला होता. पहिल्या पानावर तो लाल पट्टा होता, कारण माझ्याकडच्या सगळ्या नोंदींत त्याच्याइतकी स्वच्छ दुसरी नव्हती. खाली गावाचं नाव, शाळेचं ठिकाण, आणि धूर पश्चिमेच्या रस्त्याकडेच्या रानातून आला असल्याची ओळ. शास्त्राच्या लेखात असं सगळं द्यायचंच असतं. मी सवयीनं दिलं.

अहवालावरची शेवटची बैठक कलबुर्गीत झाली. अध्यक्ष सभ्य होते, मला नेहमी आधी बोलू द्यायचे. ते म्हणाले, "मॅडम, यंत्रांचं आपण दुसऱ्या टप्प्यात घेऊ. त्याला वेगळी मंजुरी लागेल. आधी बंदी तर येऊ द्या. सगळं एकदम मागाल तर यातलं काहीच मिळणार नाही."

मी म्हणाले, "क्रम उलटा केला तर लोकांना त्रास होईल."

"एखादं वर्ष. तोवर यंत्रं येतील."

कागद माझ्यासमोर सरकवला. मी सही केली. मला कुणी धमकावलं नव्हतं, घाई केली नव्हती. पाच वर्षं हिंडून पहिल्यांदा काहीतरी हातात पडत होतं आणि ते सोडायचं माझ्या जिवावर आलं. मी जर त्या दिवशी सही केली नसती तर काय झालं असतं हे मला माहीत नाही. ती केली एवढं माहीत आहे.

बंदी आली. यंत्रं आली नाहीत. पुढचा हंगाम आला, ऊस तुटला आणि लोकांनी नेहमीसारखं पाचट पेटवलं. अण्णानंही. त्यानं मला आधी फोनवर विचारलं होतं, "मशीन कवा यायलीय?" मी म्हणाले होते, येईल, प्रयत्न चालू आहेत. त्याचा खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाला फुटणारं पुढचं पीक, थांबणार नव्हता.

कारवाई कुठून तरी सुरू करायची होती. एका कचेरीतल्या कुणीतरी माझा अहवाल उघडला आणि पहिल्याच पानावर गाव सापडलं, रानसुद्धा सापडलं. नोटीस कानडीत आली. अण्णा कानडी फाडफाड बोलायचा, पण शिकलेला मराठी शाळेत. लिखित कानडी त्याला नीट वाचता येत नसे. त्यानं ती शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घेतली. गुरुजींना माझं नावही मोठ्यानं वाचावं लागलं, कारण संदर्भ म्हणून ते खाली छापलेलं होतं.

त्याला कचेरीत बोलावलं आणि सकाळपासून दुपारपर्यंत व्हरांड्यात उभं ठेवलं. हे मला पुढं वैनीनं सांगितलं. आत गेल्यावर तो म्हणाला, "कायतरी चुकायलंय. ह्या कामात माझी बहीणच हाय, तिला इचारा." तेव्हा समोरच्या माणसानं अहवाल उघडून त्याच्यापुढं धरला. त्याच्या बैठकीत लावलेलंच चित्र.

त्यानं मला फोन केला नाही. मीच करेन म्हणून तो वाट बघत होता, वैनी म्हणाली. आणि मला तर काहीच ठाऊक नव्हतं. मी त्या आठवड्यात बेंगळुरूला दुसऱ्या कामात होते.

मला ते कळलं कलबुर्गीच्या पुढच्या बैठकीत. पत्रकारांनाही बोलावलं होतं. एक अधिकारी अंमलबजावणीची माहिती देताना म्हणाले, "पहिली कारवाई मॅडमच्या सख्ख्या भावावर झाली आहे. मॅडमनी स्वतःच्या घरापासून सुरुवात केली. अशी निष्ठा हवी." आणि टाळ्या झाल्या. सगळी खोली माझ्याकडं बघत होती.

मला त्या क्षणी उठून सांगता आलं असतं, की मी कुणाचंही नाव दिलेलं नाही, मला हे आत्ता कळतंय आणि यंत्रांशिवाय बंदी आणणं हीच चूक आहे. मी तसं केलं नाही. लोक टाळ्या वाजवत होते आणि माझा चेहरा आपोआप हसला. ते हसू दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आलं. वर मथळा होता, की भावालाही न सोडणारी शास्त्रज्ञ. भालकीत तो पेपर सगळीकडं जातो.

मी गावी गेले तेव्हा अण्णा ओसरीवर बसला होता. बैठकीतलं चित्र काढलेलं होतं. मला बघून तो उठला आणि खुर्ची पुढं सरकवली.

"या मॅडम. बसा," तो म्हणाला.

मी बसले नाही. वैनी आतून पाणी घेऊन आली आणि दारातच थांबली.

"अण्णा, मी तुझं नाव दिलं न्हाई. मला ठाऊकच नव्हतं."

"पेपरात छापून आलंय."

"ते त्या माणसानं सांगितलं. मी न्हाई सांगितलं."

मग त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं मला 'तू' म्हटलं. "तिथं ते म्हणाले, तवा तू न्हाई म्हणलीस का? एवढंच सांग."

मी खोटं बोलू शकले असते. "न्हाई म्हणले न्हाई," मी सांगितलं.

"कामून?"

टाळ्या वाजत होत्या, हे त्याला कसं सांगणार? त्यानं थोडं थांबून बघितलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि रानाकडं निघून गेला. वैनीनं मला जेवू घातलं. तो परत येईपर्यंत मी बसून राहिले, पण तो मागच्या दारानं आला आणि झोपायला गेला.

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. फोन वैनी घ्यायची. "हायत बाजूलाच," म्हणायची, "बोलत न्हाईत म्हणायलेत." मी नागपंचमीला गेले तर तो उदगीरला सोयऱ्यांकडं निघून गेला.

पुढच्या हंगामात त्यानं पाचट पेटवलं नाही. यंत्र तेव्हाही आलेलं नव्हतं. पासष्टीचा माणूस, फावड्यानं आणि हातानं पाला ओढायचा, दोन सऱ्या सोडून तिसरीत दाबायचा. माणसं मिळत नव्हती. तो आणि वैनी दोघंच. मी भालकीतून दोन मजूर कसेतरी ठरवून पाठवले, तर त्यानं चहा पाजून परत पाठवले. वैनी फोनवर म्हणाली, "हात सोलून निघालेत बघा. ऐकत न्हाईत. म्हणत्यात, मॅडमच्या कागदात नाव नको पुन्हा."

तो फोन आला तेव्हा मी समितीच्या कामाला बसमधून निघाले होते. मी उतरले नाही. पुढं जाऊन यंत्रांसाठी भांडले, त्या दिवशी जरा जास्तच मोठ्यानं. मला वाटलं, यंत्र घेऊनच त्याच्या दारात जावं.

फाल्गुनात त्याला लकवा झाला. रानातच. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. लातूरच्या दवाखान्यात महिनाभर ठेवून आम्ही त्याला घरी आणला. मी भालकीतल्या खोल्या बंद केल्या आणि गावी येऊन राहिले. त्याला पेज भरवायची, कूस बदलायची, पाय चोळायचे. तो मला सगळं करू द्यायचा. डोळे मिटून घ्यायचा नाही की मान फिरवायचा नाही. पण माझ्याकडं बघायचा तो कुणाकडंही बघावं तसा. वैनी खोलीत आली की त्याचे डोळे तिच्यामागं जायचे.

एकदा दुपारी वैनी शेजारी गेली होती तेव्हा मी त्याला म्हणाले, "अण्णा, माझं चुकलं. तिथं बोलायला पाहिजे होतं. तू मला माफ केलंस का? केलं असशील तर हात दाब." त्याचा डावा हात माझ्या हातात होता. त्या हातात ताकद होती. त्याच हातानं तो पेला धरायचा. मी थांबले. त्यानं हात दाबला नाही, काढूनही घेतला नाही. त्याला कळलं होतं का, हे डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, बहुतेक कळत असावं.

आठ महिन्यांनी तो गेला. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. त्याला त्याच्याच रानात, विहिरीच्या बाजूला, बसवून माती दिली. गाव सगळं आलं होतं. मीही मूठभर माती टाकली.

पुढच्या बैठकीत मी कलबुर्गीला गेले आणि बोलायची परवानगी मागितली. मी सांगितलं, की दीड वर्षापूर्वी याच खोलीत माझ्याबद्दल जे बोललं गेलं ते खरं नव्हतं. मी माझ्या भावाचं नाव दिलं नव्हतं. आणि दिलं असतं तरी ते कौतुकाचं नव्हतं, कारण त्याला दुसरा मार्ग आपण दिला नव्हता. माझी सही चुकीची होती, हे नोंदवून घ्या. एकांनी चहा पुढं केला. अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो. पुढचा विषय घेऊ या." इतिवृत्त आलं तेव्हा त्यात एवढंच होतं, की सदस्यांनी वैयक्तिक भावना व्यक्त केल्या. मी ते परत पाठवलं. तीनदा पाठवल्यावर माझी वाक्यं त्यात आली. त्यानंतर अर्धवट कागदावर मी सही केलेली नाही, आणि त्यामुळं मला आता फारसं कुणी बोलावत नाही.

यंत्र शेवटी आलं. आमच्या गावाला आणि आजूबाजूच्या चार गावांना मिळून एक. पहिल्या हंगामात रांग लागली होती. वैनीचा नंबर लागला त्या सकाळी मी घरीच होते. ती डोक्याला पदर बांधून निघाली तशी मीही चप्पल घातली.

वैनी उंबऱ्यात थांबली. "बाई, तुमी घरीच बसा."

"कामून? मला बघायचंय ते कसं चालतंय."

ती परत आत आली, माझ्याजवळ बसली. "तुमाला एक सांगायचं राहून गेलंय," ती म्हणाली. "लकवा व्हायच्या आदी त्यांनी मला सांगितलं हुतं. म्हणाले, ती घरी आली तर जेवू घाल, राहू दे, घर तिचंबी हाय. पण माझ्या रानात तिला पाय ठिवू देऊ नको."

मी विचारलं, "नंतर कधी काही खुणावलं का त्यानं? दवाखान्यातनं आल्यावर?"

"मी वाट बघितली, बाई. इचारलंबी दोनदा. न्हाई." मग ती म्हणाली, "मातीच्या दिवशी तुमी रानात आलात, तवा मला अडवायचं झालं न्हाई. सगळं गाव हुतं. तेवढं मी त्यांचं मोडलं."

मी चप्पल काढून ठेवली. ती गेली. थोड्या वेळानं यंत्राचा आवाज सुरू झाला, घरापर्यंत ऐकू येत होता. मी ओसरीवर बसून तूर निवडत राहिले.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. मी महिन्यातून एकदा तरी गावी जाते. सोमवारी वैनी फुलं आणि विभूती घेऊन विहिरीकडं जाते, त्याच्या समाधीला. मी घरात थांबते. कधीकधी वैनी निघताना विचारते, "काय सांगू का त्यांना?" मी नाही म्हणते. ती परत येईपर्यंत मी चूल पेटवते, भाकरी थापते, आणि ती आली की आम्ही दोघी जेवायला बसतो.